काहिलीत बसलेला मुलगा

बाई, दहावीच्या सहामाहीत तुम्ही मला एका उत्तराला पाचपैकी शून्य दिलं होतं, आणि आज मला त्यावर तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली, म्हणजे आता तुम्हाला मला वर्गाबाहेर काढता येणार नाही. तेव्हा शांतपणे ऐका. प्रश्न तुम्हाला आठवत असेलच, कारण तो तुम्ही फळ्यावर लिहून त्याच्याभोवती चौकट करायचात: निवेदक मुलाच्या स्वभावाची वैशिष्ट्ये सांगून त्याचे शौर्य तुमच्या शब्दांत स्पष्ट करा. तुमच्या शब्दांत म्हणजे बाईंच्या शब्दांत, हे आम्हाला आठवीपासूनच कळलं होतं. तुम्ही सांगायचात, आम्ही उतरवून घ्यायचो, पाठ करायचो आणि पेपरात ओतायचो. पालथ्या घड्याचं तुम्हाला वावडं होतं, म्हणून तुम्ही आम्हाला सुलटे ठेवून काठोकाठ भरायचात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्या एका गोष्टीबद्दल आहे.

गोष्ट सहा पानांची होती. दहा वर्षांचा मुलगा स्वतःच ती सांगतो. नदीला पूर आला आहे, वडील गावाला गेलेत, धाकट्या बहिणीला तापात झटके येतायत आणि डॉक्टर नदीच्या पलीकडे. हा मुलगा गुळाच्या मोठ्या कढईत, काहिलीत बसतो, पुरातून पलीकडे जातो, औषधाची बाटली घेऊन परत येतो. बहीण वाचते. गाव त्याला खांद्यावर घेऊन नाचतं. सहा पानं नुसतं मी गेलो, मी पाहिलं, मी घाबरलो नाही. आणि मधेच, चौथ्या पानावर, एक वाक्य: ‘आमचा गडी काहिलीची कड धरून पोहत होता, त्याच्या नाकातोंडात पाणी जात होतं आणि तो मला म्हणत होता, हलू नका, मालक.’ झालं. त्या गड्याचं पुढं काय झालं, त्याला कुणी टॉवेल तरी दिला का, काही नाही. औषध घरी पोचतं, गडी गोष्टीतून नाहीसा होतो.

तुम्ही जालना शहरातल्या. आमच्या शाळेत बदली होऊन आल्यावर तुम्ही काहील पहिल्यांदा कधी पाहिलीत मला ठाऊक नाही. मी मात्र काहिलीच्या जिवावर वाढलेली पोरगी. गोदावरीच्या काठावरचं आमचं गाव, तेव्हा पूल नव्हता. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद असायचं आणि रस आटवायची ती मोठी लोखंडी कढई नदीवर यायची. दोन्ही बाजूंनी कड धरून पोहायला दोन माणसं लागत, एक माझे वडील आणि दुसरा माझा चुलता. आत चार माणसं मांडी घालून बसत. बसणाऱ्यानं एवढंच करायचं की जागचं हलायचं नाही. तो हलला की काहील कलते, पाणी आत येतं. आणि एकटाच माणूस ढकलायला लागला तर ती पुढं जातच नाही, जात्यासारखी गरागरा फिरत राहते. हे आमच्या वस्तीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

म्हणून मी लिहिलं. अजून तोंडपाठ आहे: निवेदक मुलगा शूर नाही. तो काहिलीत बसला होता. बसायला शौर्य लागत नाही, गप्प राहावं लागतं. शूर तो पोहणारा आहे. शिवाय तो एकटा नसणार, दुसऱ्या बाजूला आणखी एक जण असणार, पण लेखकानं त्याला पाण्यातच ठेवलं आहे. माझे वडील हे काम करतात, म्हणून मला माहीत आहे.

तुम्ही ते उत्तर वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलंत. का वाचलंत, बाई? शून्य द्यायचं होतं तर द्यायचं मुकाट्यानं. शेवटच्या वाक्याला मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, ‘‘हलू नका, मालक!’’ आणि सगळा वर्ग हसला. तुम्ही डस्टर आपटलंत, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढं दिवाळीपर्यंत मी वर्गात पाय टाकला की कुणीतरी हळूच म्हणायचं, हलू नका. पाणी प्यायला उठले, हलू नका. खो-खोत बसले, हलू नका. तुम्ही मला टेबलापाशी बोलावून विचारलंत, ‘‘हे काय लिहिलंस?’’

‘‘खरं हाय ते, बाई.’’

‘‘खरं कोणी विचारलंय? शौर्य स्पष्ट करा म्हटलंय. आहे का नाही असं विचारलेलं नाही.’’

मी उत्तरपत्रिका घेतली आणि जागेवर गेले. पण राग गिळलेला नव्हता, नुसता दाढेखाली धरून ठेवला होता.

मग परतीचा पाऊस आला आणि तुमच्यावरच ती वेळ आली. मतदार यादीच्या कामासाठी तुम्हाला पलीकडच्या गावात जायचं होतं, जीप लांबून फिरून जायला तयार नव्हती, आणि तुम्ही आमच्या घाटावर आलात. मी काठावरच होते. वडिलांनी अंगाला तेल चोळलेलं, चुलत्यानं काहील काठाशी लावलेली. तुम्ही पदर खोचलात, कागदांची पिशवी मांडीवर घेतलीत आणि काहिलीच्या मधोमध बसलात. मला तुमचा चेहरा दिसत होता. तपासणीला साहेब आले तेव्हाही तो कधी एवढा उतरला नव्हता. वडील म्हणाले, ‘‘हलू नका, बाई. डोळे मिटले तरी चालतंय.’’ आणि तुम्ही खरंच डोळे मिटलेत. पाणी गढूळ, लाकडं वाहून येत होती. एक ओंडका चुलत्याच्या खांद्याला घासून गेला तेव्हा काहील तिरकी झाली आणि वडिलांनी छातीनं ती सावरली. मी हे दर पावसाळ्यात पाहत होते, तरी त्या दिवशी मी गुडघाभर पाण्यात उतरले, कारण आत तुम्ही होतात.

संध्याकाळी तुम्ही परत आलात. उतरल्यावर तुम्ही वडिलांना म्हणालात, ‘‘भाऊ, हात बघू.’’ त्यांनी लाजत हात पुढं केले. काहिलीची कड बोटांत रुतून रुतून तिथं आडवे खोल वळ पडलेले, पाण्यानं पांढरे झालेले. तुम्ही विचारलंत, ‘‘रोज असंच?’’ वडील हसले. ‘‘पाणी हाय तंवर रोजच. आमचं काय नवं न्हाई त्यात.’’ तुम्ही एक वळ बोटानं चाचपून पाहिलात. मी काठावर उभी राहून मनात म्हटलं, जिंकले. हातच्या काकणाला आरसा कशाला, आता बाईंना सगळं कळलं.

सोमवारी तुम्ही वर्गात आलात, फळ्यावर तीच चौकट काढलीत आणि म्हणालात, ‘‘लिहून घ्या. निवेदक मुलगा अत्यंत धाडसी आहे. त्याच्या अंगी प्रसंगावधान आहे.’’

मी उभी राहिले. मला कुणी उभं केलं नव्हतं. ‘‘बाई, परवा तुम्ही बी काहिलीत बसल्या व्हत्या की. मंग तुम्ही शूर हायत का?’’

तुम्ही खडू खाली ठेवलात. मला वाटलं आता छडी. पण तुम्ही म्हणालात, ‘‘मी शूर नाही. मी जाम घाबरले होते. पण पेपरात ते विचारणार नाहीत. बाहेर उभी राहा.’’ मी तो सबंध तास व्हरांड्यात उभी होते आणि खिडकीतून तुमचं उत्तर ऐकत होते. तुमचा आवाज रोजच्यापेक्षा बारीक होता. एवढं कळूनसुद्धा तुम्ही माघार घेतली नाहीत, याचा मला शून्यापेक्षा जास्त राग आला. न कळणाऱ्याला एक वेळ माफी आहे. कळून सवरून खोटं सांगणाऱ्याला कशाची?

त्याच आठवड्याच्या रविवारी तुम्ही मला तुमच्या खोलीवर बोलावलंत. एक खोली, कोपऱ्यात स्टोव्ह, भिंतीवर उलथनं आणि झारा. मुरमुरे भिजवून तुम्ही सुशीला केलीत, वर शेंगदाण्याचं कूट घातलंत आणि ताटली माझ्यापुढं सरकवलीत. शिक्षिकेच्या घरी सुशीला खाणारी मी आमच्या वस्तीतली पहिलीच. पण मी चमचा उचलत नव्हते.

‘‘खा. तुझ्या घरी सोयरीक बघून राहिलेत म्हणे.’’

‘‘व्हय. तीर्थपुरीच्या बाजारात मामाला एक जण भेटला व्हता.’’

‘‘आणि मराठीत नापास झालीस तर?’’

उत्तर दोघींनाही ठाऊक होतं. नापास झालेल्या पोरीचं घरात लग्नाशिवाय दुसरं काही करत नसत.

‘‘मग ऐक. तुझा पेपर कोण तपासणार मला माहीत नाही. तो काहिलीत बसलेला नसणार. तो पुस्तकात बघणार, छापलेलं उत्तर बघणार आणि तुझं बघणार. जुळलं तर मार्क. तुला खरं लिहायचंय ना? पास हो, शीक, आणि मग लिही आयुष्यभर. तुला कोण अडवतंय?’’

मी म्हटलं, ‘‘आन् तंवर?’’

तुम्ही म्हणालात, ‘‘तोवर गप्प बस.’’

बाई, तुमचं गणित चुकलं होतं असं मी म्हणत नाही. त्या गणितानं मी पास झाले, मग बीए-बीएड केलं, मग ह्याच तालुक्यात मराठी शिकवायला लागले. पण पोरीला वाचवण्यासाठी तिच्या बापाला गोष्टीतून बाहेर काढावं लागतं, ही असली कसली शाळा? हा प्रश्न तुम्ही एकदा तरी तुमच्या वरच्यांना विचारायला हवा होता. डस्टर आपटायला तुम्ही भीत नव्हतात. मग तिथं का भ्यायलात? मी हे तुम्हाला तोंडावर विचारणार होते. दर वर्षी ठरवायचे, या दिवाळीला जायचं. मग तुमच्या जाण्याचीच बातमी आली.

म्हणून मी माझ्यापरीनं भांडण चालू ठेवलं. ती गोष्ट अभ्यासक्रमातून कधीच गेली. मी तिच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात आणि दर वर्षी दहावीला अवांतर म्हणून देते. प्रश्न तुमचाच. पोरं लिहितात: मुलगा धाडसी आहे, प्रसंगावधानी आहे. मग मी त्यांना पोहणाऱ्याबद्दल विचारते, काहिलीची गोष्ट सांगते, शून्याची सांगते, व्हरांड्याची सांगते. पोरांना ती फार आवडते. आता पूल झाला, त्यांनी काहील फक्त गुऱ्हाळावर पाहिलेली. पण बाईंना उलट विचारणारी पोरगी कुणाला आवडणार नाही? सहकाऱ्यांना सांगितली, प्रशिक्षणात सांगितली, निरोप समारंभात तर दर वर्षी. सांगून सांगून ती गुळगुळीत झाली आहे.

या वर्षी घनसावंगीहून जीपनं येणारी एक मुलगी आहे वर्गात. बोलत नाही फार. तिनं लिहिलं: मुलगा पोहला नाही हे खरं. पण गाव त्याला खांद्यावर घेऊन नाचलं होतं आणि गड्याबद्दल कुणीच विचारत नव्हतं. गोष्ट तोच सांगतो आहे. ते वाक्य त्यानं गाळलं असतं तर कुणाला कळलं असतं? तरी त्यानं ते लिहिलं. त्याचं शौर्य नदीत नाही, त्या वाक्यात आहे.

मी ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं. तीस वर्षं मी त्या पोराला भित्रा म्हणत आले, तुम्ही त्याला वाघ म्हणत राहिलात, आणि दोघींनीही त्याच्याकडं नीट पाहिलं नव्हतं. मी पाचपैकी पाच दिले. शुक्रवारी तिचं उत्तर वर्गात वाचायच्या आधी तिला विचारलं, ‘‘वाचू का?’’ ती म्हणाली, ‘‘वाचा की.’’ हा माझा आणि तुमचा फरक आहे बाई, एवढा तरी मला घेऊ द्या.

वाचून झाल्यावर मी माझी नेहमीची गोष्ट सांगितली. पोरं हसली, व्हरांड्याच्या जागी टाळ्या पडल्या. तेव्हा तीच मुलगी उभी राहिली. ‘‘मॅडम, मंग बोर्डात ह्येच विचारलं असंल तर तुम्ही काय लिव्हलं?’’

‘‘विचारलं होतं,’’ मी म्हटलं. ‘‘सहामाहीत लिहिलं तेच लिहिलं.’’

‘‘तुमच्या वडिलांचं बी?’’

‘‘वडिलांचं बी.’’

पुन्हा टाळ्या. ती मुलगी खाली बसली. मला तिच्याकडं बघवेना.

तुम्हाला माहीत आहे मी काय लिहिलं होतं. पेपर सुटल्यावर केंद्राच्या फाटकाशी तुम्ही उभ्या होतात आणि मी तुम्हाला शब्दन् शब्द म्हणून दाखवलं होतं: निवेदक मुलगा अत्यंत धाडसी आहे. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात आणि मी तो झटकला. घरी गेले तर वडील दारातच. ‘‘काय लिव्हलं गं माय?’’ त्यांना सहामाहीचं सगळं कळलं होतं, गावात काय लपतं? मी म्हटलं, ‘‘तुमच्यावर लिहिलं, अण्णा.’’ का म्हटलं? त्यांचं तोंड तसं होतं म्हणून. निकाल लागल्यावर ते पेढे घेऊन तुमच्या खोलीवर आले, मी मागं. ते म्हणाले, ‘‘बाई, पोरीनं बोर्डाच्या पेपरात माझ्यावर लिव्हलं, आन् पास झाली बघा!’’ तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी स्टोव्हकडं पाहत होते. तुम्ही पेढा घेतलात आणि म्हणालात, ‘‘हो भाऊ. चांगलं लिहिलं तिनं.’’ तुम्ही हे कधी कुणाला बोलला नाहीत, मलासुद्धा नाही. त्याबद्दल मी तुमचे आभार मानलेले नाहीत आणि आजही मानणार नाही. त्या दिवशी तुम्ही मला उघडं पाडलं असतंत तर मी एकदाच रडले असते.

अण्णा आता ऐंशीच्या पुढं आहेत. पुलाच्या तोंडाशी टपरी आहे, तिथं बाकड्यावर बसलेले असतात. आज सकाळी मी त्यांना खरं काय ते सांगायला गेले होते. दुचाकी लावली, जवळ गेले, तर ते कुठल्याशा परगावच्या माणसाला सांगत होते, ‘‘ही माझी लेक. हिनं बोर्डाच्या पेपरात माझं लिव्हलं व्हतं. पार पुण्यापस्तोर वाचलं असंल लोकांनी.’’ त्या माणसानं मला नमस्कार केला. अण्णांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि कप स्वतः माझ्या हातात दिला. मी चहा प्यायले. ‘‘काऊन आल्तीस?’’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘सहज.’’

घरी येऊन दुपारपासून हे लिहीत बसले आहे. तुम्हाला पाठवायचा प्रश्नच नाही आणि दुसऱ्या कुणाला दाखवणारही नाही. पण उद्या सोमवार आहे. उद्या पहिल्या तासाला मी वर्गात सांगणार आहे की बोर्डात मी बाईंचं उत्तर लिहिलं होतं आणि शुक्रवारी त्यांच्यापुढं खोटं बोलले. वर्गात आमच्या गावची चार पोरं आहेत. शाळा सुटायच्या आत ते पुलावरच्या टपरीला पोचेल. पोचू दे. संध्याकाळी मी अण्णांकडं जाईन आणि ते काय म्हणतील ते ऐकेन. पोरं मला हसली तर हसू देत. तुम्ही चुकला होतात हे मी उद्याही म्हणेन. ते उत्तर वर्गात वाचायला नको होतं, आणि नदीतून परतल्यावर तरी तुम्ही तो फळा पुसायला हवा होता. यातला एकही शब्द मी मागं घेत नाही.

फक्त एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. इतकी वर्षं मी स्वतःशी म्हणत आले की मी नापास होण्याच्या भीतीनं लिहिलं, सोयरिकीच्या भीतीनं लिहिलं, तुमच्या सांगण्यानं लिहिलं. पण बाई, तुमचं उत्तर लिहून झाल्यावर खाली चार ओळी कोऱ्या उरल्या होत्या आणि वेळही उरला होता. बापाचं एक वाक्य लिहिलं असतं तर कुणी मार्क कापले नसते. मी लिहायला घेतलंही. ‘माझे वडील’ एवढं लिहिलं, तेवढ्यात शेजारच्या बाकावरची मुलगी माझ्या पेपरात डोकावली. ती आमच्या वर्गातली नव्हती, मला ओळखतही नव्हती. मी ते दोन शब्द खोडले, आणि तिला दिसू नयेत म्हणून वरून पुन्हा गिरवून काळे केले.